जपानमधल्या रेस्टॉरंटवाल्यांना खुलं पत्र: हलालचं स्टिकर राहू द्या, आधी रस्स्यात काय आहे ते सांगा

जपानमधले रेस्टॉरंट मालक, शेफ, इझाकायावाले (म्हणजे दारूबरोबर खाणं देणारी दुकानं), रामेनवाले (रस्सा-नूडलवाले), आणि तोक्योतल्या निशी-कासाईपासून ओसाकापर्यंत पसरलेल्या आपल्या इंडियन हॉटेलवाल्यांनो,

सप्रेम नमस्कार.

जपानी हॉटेलवाल्यांना मराठीत पत्र कशाला, असं कोणीतरी विचारणारच. तर जपानी भाषेतलं पत्र वेगळं तयार आहे, ते मी आमच्या भागातल्या दुकानांमधे स्वतः नेऊन देतेय. हे मराठीत अशासाठी की इथे हॉटेलं चालवणाऱ्यांमधे आपलेही लोक आहेत, आणि दरवर्षी साकुराच्या सीझनला मुंबई-पुण्याहून टूरच्या टूर येतात, त्यात मुसलमान असतात, जैन असतात, शनिवार पाळणारे असतात आणि सगळेच्या सगळे मेन्यूकार्ड हातात घेऊन एकमेकांची तोंडं बघत बसतात. त्यांनाही कळू दे की घोळ नेमका कुठे आहे.

मी कोकणी मुसलमान. माहेर खेडकडचं, नोकरी आयटीतली, बरीच वर्षं तोक्योत. आमच्याकडे मासा नसला तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे जपानला जायचं ठरलं तेव्हा घरचे म्हणाले की तुला काय, तिकडे सगळा समुद्रच खातात, मजा आहे. खरंच मजा आहे हो. आम्ही कोकणी लोक शाफई (इस्लामी धर्मनियमांचा एक पंथ), म्हणजे कोळंबी, कुर्ल्या, माकूल, ऑक्टोपस, समुद्रातलं जवळजवळ सगळं आम्हाला चालतं, इंडोनेशिया मलेशियावाले पण शाफईच, त्यांचंही तेच. उत्तर हिंदुस्थानातले, पाकिस्तानातले, बांगलादेशचे बहुतेक हनफी या दुसऱ्या पंथाचे, ते मासा खातील पण कुर्ली आणि माकूल बाजूला सारतील, आणि कोळंबीवर त्यांच्यात आपापसात वाद. हे सांगायचं कारण एवढंच की 'मुस्लिम लोक काय खातात' याचं एक उत्तर तुम्हाला कोणी देऊ शकणार नाही, मीसुद्धा नाही. आणि माझ्या पत्राचा सगळा मुद्दा यातूनच निघतो. आमच्यासाठी तुम्ही ठरवू नका, पदार्थात काय घातलंय ते आम्हाला सांगा, खायचं की नाही ते आमचं आम्ही बघू.

आता होतं काय, की 'मुस्लिम गेस्ट' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर एकदम वेगळं किचन, वेगळी भांडी, दारू बंद, सर्टिफिकेटचा खर्च, दर वर्षी तपासणी असं सगळं उभं राहतं आणि तुम्ही हात जोडून, कमरेत वाकून, फार नम्रपणे नाही म्हणता. मला तुमचा राग येत नाही. आठ-दहा खुर्च्यांचं काउंटर, नवरा-बायको दोघंच राबतायत, त्यांनी दुसरं किचन बांधायचं कुठे? जपानमधे हलालसाठी सरकारचा एकच असा कायदा नाही, सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीचे नियम थोडे वेगळे. छोट्या दुकानदाराने त्या भानगडीत पडू नये असंच मी म्हणेन. ज्यांना जमतं त्यांनी केलंय, तोक्योच्या आसाकुसात हलाल रामेन मिळतं, आकिहाबारात कोको इचिबान्या या करीच्या साखळीने 2017 मधे हलाल करीची शाखा काढली, क्योतो आणि तोक्यो युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमधे हलाल डिशेस मिळतात. छान आहे. पण माणूस जपानला येऊन रोज आसाकुसालाच जेवायला जाणार का? गावातल्या सोबाच्या (कुट्टूच्या नूडल्सच्या) दुकानात, स्टेशनसमोरच्या तेइशोकुवाल्याकडे (म्हणजे थाळीवाल्याकडे), ऑफिसच्या पार्टीत पण त्याला बसायचंय ना.

तर नेमकं अडतं कुठे ते सांगते, कारण हे बऱ्याच वेळा तुमच्या वेटरलाही माहीत नसतं. पोर्क दिसतं ते आम्ही टाळतोच, तोनकात्सु (पोर्क कटलेट) काय आणि चाशू (रामेनवरचा पोर्कचा तुकडा) काय, फोटो बघूनच कळतं. गोची आहे ती न दिसणाऱ्या गोष्टींची. मिरिन, म्हणजे स्वयंपाकात घालायची तांदळाची गोडसर दारू. तुमच्याकडे मिरिन म्हणजे आपल्याकडे फोडणीला तेल तसं, विचारायचं कारणच नाही, ते असतंच. तेरियाकीत आहे, उनागीच्या (ईल माशाच्या) तारेमधे म्हणजे सॉसमधे आहे, तेंपुराबरोबरच्या (भजीसारखं तळण) वाटीत आहे, सोबा-उदोनच्या रस्स्यात आहे, कितीतरी ठिकाणी अंड्याच्या तामागोयाकीत पण आहे. आणि खरं मिरिन म्हणजे साधारण 14 टक्के अल्कोहोल, त्याच्यावर दारूचा टॅक्स लागतो, ही काही माझ्या डोक्यातली शंका नाही. स्वयंपाकाची साके (तांदळाची दारू) वेगळीच, तिच्यात मीठ घालून तिला 'दारू नाही' करून टाकलेलं असतं, पण टॅक्स गेला म्हणून अल्कोहोल जात नाही. काराआगेचं (जपानी तळलेलं) चिकन त्यातच मुरवतात, मासा शिजवताना वास जावा म्हणून तीच ओततात.

इथे शेफ लोक एक उत्तर देतात, फार प्रेमाने देतात, की उकळल्यावर अल्कोहोल उडून जातो, काही राहत नाही. दादा, पहिली गोष्ट, सगळा उडत नाही. आणि दुसरी गोष्ट, आमच्यातल्या बहुतेकांसाठी प्रश्न शेवटी किती उरला हा नसतोच, दारू आणून जेवणात ओतली हा असतो. सोया सॉसचं तसं नाही. शोयु आंबवताना त्यात आपोआप दोन-तीन टक्के अल्कोहोल तयार होतो आणि असा आपसूक तयार झालेला आणि बाहेरून ओतलेला यात बरेच आलिम (धर्मपंडित) फरक करतात, म्हणून शोयु खाणारे मुसलमान तुम्हाला पुष्कळ भेटतील. काही बाटल्यांमधे टिकावं म्हणून वरून अल्कोहोल घालतात, लेबलवर 'शुसेई' असं लिहिलेलं असतं, तेवढं बघून काहीजण ती बाटली ठेवून देतात आणि दुसरी उचलतात. बघा, किती बारीक बारीक भेद आहेत. हे तुम्ही पाठ करावेत अशी अपेक्षा नाहीच, बाटली दाखवलीत तरी पुरे.

मग रस्सा. तोनकोत्सु म्हणजे डुकराची हाडं तासन् तास उकळून काढलेला रस्सा हे आता सगळ्यांना माहितीये, पण 'आमचं शोयु रामेन आहे, यात पोर्क नाही, चाशू काढून देतो' असं म्हणून जे पुढे येतं त्याचा रस्सा पण बऱ्याचदा कोंबडी आणि डुक्कर मिळून केलेला असतो. वेटर खोटं बोलत नाही बरं का, त्याच्या हिशोबाने पोर्क म्हणजे तो वरचा तुकडा, तो काढला की संपलं. करीच्या रूमधे (करीच्या तयार वडीत) चरबी असते, बीफची किंवा पोर्कची. ग्योझात (मोमोसारखे असतात ते) तर बहुतेक वेळा पोर्क असतंच. तळणीचं तेल, सकाळी त्यात तोनकात्सु आणि दुपारी भोपळ्याचा तेंपुरा. आणि आम्ही शाफई समुद्रातलं सगळं खातो म्हणून फार मोकळे वाटत असू, पण डुकराला लागलेल्या भांड्याच्या बाबतीत आम्हीच जास्त कडक, मलेशियाच्या माणसाला विचारा, तो तुम्हाला तव्याबद्दल आधी विचारेल, मांसाबद्दल नंतर. शेवटी गोड, त्यात जिलेटिन, तेही बहुतेक वेळा डुकराचं. याचं तर मला खास वाईट वाटतं, कारण समुद्राच्या शेवाळातून कांतेन काढायची युक्ती जगाला दिली तुम्ही जपान्यांनी, आमच्याकडे कोकणात रमजानच्या इफ्तारला त्याच कांतेनचं दुधातलं पुडिंग होतं, आम्ही त्याला चायना ग्रास म्हणतो (चायनाचं नाव कसं चिकटलं देव जाणे), आणि तुमच्याच देशातल्या कॅफेत मला पुडिंग सोडून द्यावं लागतं.

आता माझ्याबरोबर जेवायला येणाऱ्यांचं ऐका. ऑफिसात एक पुण्याची मैत्रीण आहे, पक्की शाकाहारी, आणि एक जैन मुलगा. आम्ही तिघं एकत्र जेवायला गेलो की वेटर घाबरतो. पण गंमत बघा, आमचे तिघांचे धर्म तीन, नियम तीन, प्रश्न मात्र एकच, की यात काय आहे? तिचं घोडं अडतं दाशीवर (रस्सा-सूपचं मूळ पाणी), कारण साध्या भाजीत, मिसो सूपमधे, अगदी आगेदाशी तोफूवर पण कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क. मला तो मासा चालतो, मिरिन चालत नाही. तिला मिरिन चालतं, मासा चालत नाही. जैनाला कांदा-लसूण-बटाटापण नको म्हणजे तो बिचारा पांढरा भात आणि एदामामे (सोयाच्या उकडलेल्या शेंगा). एका कागदावर त्या डिशमधे काय काय आहे एवढं लिहिलेलं असलं तर आमचं दोन मिनिटात उरकतं, नाहीतर वेटर आत जातो, शेफला विचारतो, बाहेर येतो, परत आत जातो आणि तोवर बाकीच्या टेबलांवरची माणसं आमच्याकडे बघायला लागतात.

आणि हा कागद तुमच्याकडे आहे! हेच तर मला ओरडून सांगायचंय. मोठ्या फॅमिली रेस्टॉरंटच्या साखळ्या अ‍ॅलर्जीचा तक्ता ठेवतात. जपानच्या नियमाप्रमाणे पॅकेटबंद खाण्यावर अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, कुर्ली, अक्रोड हे लिहिणं सक्तीचं आहे आणि शक्यतो लिहावं अशा दुसऱ्या यादीत पोर्क आहे, बीफ आहे, चिकन आहे, जिलेटिन आहे. हॉटेलांना सक्ती नाही, तरी कितीतरी साखळ्या हे सगळे रकाने भरतात. म्हणजे पोर्कचा आणि जिलेटिनचा रकाना छापून तयार आहे, कोणा मुसलमानाने मागितला म्हणून नाही तर डुकराच्या मांसाची अ‍ॅलर्जी असलेल्या जपानी लेकरासाठी. त्याच्या शेजारी फक्त एक रकाना वाढवायचा, साके आणि मिरिनचा. झालं. भिंत पाडायची नाही, किचन बदलायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल की मुस्लिम नाव आलं की लोक चिडतात. चिडतात, माहितीये मला. किताक्युशू शहराचं उदाहरण ताजंच आहे. तिथे शाळेच्या जेवणात 2025 मधे कधीतरी असा मेन्यू द्यायला लागले की ज्यात 28 अ‍ॅलर्जीवाले पदार्थ नाहीत, म्हणजे सगळी मुलं एकत्र बसून तेच खातील, त्या 28 मधे पोर्कपण आलंच. आणि नेटवर उठली आवई की शहराने मुसलमानांसाठी शाळेचं जेवण बदललं! तक्रारींचा नुसता पाऊस पडला, शहराला खुलासा करावा लागला की असं काही ठरलेलंच नाही. मला त्या आवईपेक्षा दुसरीच गोष्ट लक्षात राहिली, की अ‍ॅलर्जीच्या पोरासाठी बनवलेलं ताट आणि मुसलमान पोराला चालेलसं ताट यात बाहेरून ओळखू येण्याइतकासुद्धा फरक नव्हता. म्हणून म्हणते, आमचं नावच घालू नका. 'मुस्लिमांसाठी' असा बोर्ड नको, चंद्रकोर नको, हिरवा रंग नको. तक्ता सगळ्यांसाठी ठेवा, आम्ही आमचा रकाना शोधून घेऊ.

'या देशात आलात तर इथल्यासारखं वागा' असं ऐकवणारे पण आहेत, आणि त्यांना मी एवढंच सांगेन की मी तुमच्या शेफला रेसिपी बदलायला सांगतच नाहीये. तोनकोत्सुचं दुकान तोनकोत्सुचंच राहू दे, मी तिथे जाणार नाही, विषय संपला. पण जिथे मीठ लावून भाजलेला सान्मा मासा मिळतो, कोरी साशिमी (कच्चा मासा) मिळते, हियायाक्को म्हणजे थंड तोफू मिळतो, तिथे मला बसता येतं की नाही हे दारातच कळलं पाहिजे. याकितोरीच्या (काडीवर भाजलेल्या चिकनच्या) दुकानात 'शिओ की तारे' विचारतातच ना प्रत्येक गिऱ्हाईकाला? मीठ हवं की सॉस. हेच ते. ही निवड द्यायची पद्धत तुमचीच आहे, मी काही बाहेरून आणलेली नाही. आणि मांसाबद्दल म्हणाल तर तुमच्या तेन्मु सम्राटाने सन 675 मधे गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी खायला बंदी घातलेली आणि मेइजी बादशहाने 1872 मधे जाहीरपणे बीफ खाल्लं तोपर्यंत या देशात मांस खाणं बऱ्यापैकी निषिद्धच मानलं जायचं. देवळांमधलं शोजिन रयोरी (शाकाहारी जेवण) आजही कोंबू आणि शिइताकेच्या दाशीवर चालतं, नुसत्या शेवाळ-मशरूमवर काय चव येते! त्यातली साके-मिरिन बाजूला काढली तर माझ्या ताटात, पुण्याच्या मैत्रिणीच्या ताटात, एकदम सगळं बसतं.

धंद्याचं पण बोलू, कारण शेवटी हॉटेल चालवायचंय. 2013 मधे मलेशियाच्या लोकांना व्हिसाशिवाय यायला दिलं आणि त्या वर्षी पहिल्यांदाच जपानला येणारे परदेशी पाहुणे एक कोटीच्या वर गेले. 2024 ला आकडा 3 कोटी 68 लाख, त्यात मलेशिया आणि इंडोनेशिया मिळून दहा लाखांच्या आसपास, आणि भारतातून सव्वादोन लाखांच्या वर. इथेच राहणाऱ्या मुसलमानांची संख्या वासेदा युनिव्हर्सिटीच्या तानादा हिरोफुमींनी 2020 च्या अखेरीला 2 लाख 30 हजारांच्या घरात धरली होती, आणि त्यात लग्न करून वा स्वतःहून मुसलमान झालेले जपानी पण आहेत, ते तर तुमच्याच गल्लीतले. हे सगळे लोक आज काय करतात? सुपरमार्केटमधून ब्राझीलचं हलाल शिक्क्याचं फ्रोझन चिकन आणतात, तोक्योतल्या शिन-ओकुबोच्या हलाल दुकानातून मसाले आणतात आणि घरी बनवतात. टूरवाले बॅगेतून थेपले, इन्स्टंट नूडल आणतात. एका ग्रुपमधला एक माणूस जेवू शकत नसेल तर अख्खा ग्रुप दुसऱ्या दुकानात जातो हे मी वेगळं सांगायला नको, तुम्ही धंदा करता.

आता जरा आपल्या इंडियन आणि नेपाळी हॉटेलवाल्या भावांशी. तुमच्याकडून अपेक्षा जास्त, म्हणून बोलणंही जास्त. दारावर मोठ्ठं हलाल लिहायचं आणि मेन्यूच्या मागच्या पानावर पोर्कची डिश, किंवा चिकन हलाल आणि मटण कुठलं ते आज ज्याची ड्युटी आहे त्याला माहीत नाही, हे काही ठिकाणी मी स्वतः बघितलंय. नावं घेत नाही. जपानी दुकानदाराचं एकवेळ समजू शकते, त्याला हा विषयच नवा आहे, तुम्हाला तर सगळं माहितीये ना. बियर विकता ती विका, दुकान तुमचं आहे, ज्याला दारूच्या दुकानात बसायचं नाही तो नाही बसणार. पण चिकन कुठून येतं, मटण कुठून येतं, पोर्क त्याच कढईत होतं का, हे तीन ओळीत लिहून लावा. आणि नसेल हलाल तर तो शब्द काढून टाका. स्टिकर लावून फसवणाऱ्यापेक्षा 'आमचं हलाल नाही पण पोर्क अजिबात येत नाही' असं सरळ सांगणाऱ्याकडे मी शंभरदा जेवेन, निदान व्हेज तरी.

खोट्या भरवशाचं काय होतं ते जपानी कंपन्यांना कोणी शिकवायला नको. 2001 च्या सुरुवातीला इंडोनेशियात अजिनोमोतोला बाजारातून माल परत घ्यावा लागला होता, कारण काय तर मसाल्याच्या पुडीत पोर्क नव्हतंच, पण ती बनवताना जिवाणू वाढवायला जे वापरलं त्यात डुकरापासून काढलेलं एन्झाइम होतं. कंपनीच्या लोकांना अटक झाली. पुडीत शोधून सापडलं नसतं तरी लोक भडकले, कारण आधी सांगितलं नव्हतं. तिथून इथल्या कारखानदारांनी बरंच शिकून घेतलं, आज हलाल मिसो मिळतो, हलाल शोयु मिळते, हिकारीसारख्या मिसो कंपन्यांनी सर्टिफिकेट घेतलीयत. गंमत म्हणजे त्यातला पुष्कळ माल बाहेर एक्स्पोर्ट होतो. क्वालालंपुरमधे बसून जपानी मिसो सूप बिनधास्त प्यायचं आणि नागोयात आल्यावर विचारत बसायचं!

तर मागणी अशी, आणि फार नाही. मेन्यूत प्रत्येक डिशसमोर चार गोष्टींची खूण करा, पोर्क आणि त्याची चरबी, साके-मिरिन, जिलेटिन आणि दाशीतला मासा. शेवटचं माझ्यासाठी नाही, पुण्यावाल्या मैत्रिणीसाठी. आपल्याकडे भारतात पॅकेटवर हिरवा ठिपका असतो, तो बघून न वाचता येणारी आजीसुद्धा बिस्किटाचा पुडा उचलते, तितकं सोपं ठेवा. सॉस सेंट्रल किचनमधून तयार येत असेल तर त्या पिशवीवरच्या लेबलचा फोटो काढून काउंटरला ठेवा, पार्ट टाइम पोरांना तोंडपाठ कशाला करायला लावता. तळणीचं तेल एकच असेल तर 'एकच आहे' असं लिहा. रिझर्वेशनच्या फॉर्ममधे अ‍ॅलर्जीचा जो चौकोन आहे त्यात 'अल्कोहोल, पोर्क' असा पर्याय टाका, म्हणजे रयोकानवाल्यांना (जेवणासह राहायची जपानी पद्धतीची हॉटेलं) आठवडाभर आधी कळेल, ऐनवेळी बीफ काढून त्याजागी मिरिनमधे शिजवलेला मासा वाढायची वेळ येणार नाही. आणि जमलं तर एखादी डिश, फक्त एक, मिठावर किंवा साध्या शोयुवर ठेवा, मिरिनच्या जागी साखर आणि थोडं पाणी घालून बघा, चव थोडी बदलते हे मान्य, माझ्या घरच्या तेरियाकीवर माझा नवरा अजून नाक मुरडतो.

आणि एखाद्या डिशबद्दल तुम्हालाच खात्री नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा. ते चालतं. त्या डिशऐवजी मी दुसरी मागवेन.

टूरने येणाऱ्या मराठी मंडळींना एक, तुम्हीपण 'नो पोर्क' एवढंच बोलून थांबू नका, समोरचा वरचा तुकडा काढून देईल आणि तुम्ही खुश व्हाल. रस्सा, तेल, मिरिन, साके, प्रत्येकाचं वेगळं विचारा. मी जपानीत एक चिठ्ठी केलीये, त्यात हे सगळे प्रश्न हो-नाहीच्या चौकोनासकट आहेत, वेटरने नुसत्या खुणा करायच्या. ज्यांना हवी त्यांनी मागा, पाठवते. शाकाहारींसाठी दाशीची ओळ वेगळी घातलीये, जैनांसाठी कांदा-लसणाची घालायचीये, त्या मुलाने तपासून दिली की तीही येईल.

कळावे,
तोक्योत राहणारी, मासे खाणारी एक कोकणी मुसलमान गिऱ्हाईक